ओपन सोर्समध्ये कोड रिव्ह्यू देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांसाठी खुला असलेला कोड, आणि पीआर (पुल रिक्वेस्ट) म्हणजे त्यात आपला बदल घ्यावा अशी विनंती. ती कशी पाठवावी यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आलेल्या पीआरवर काय आणि कसं बोलावं, म्हणजे रिव्ह्यू कसा द्यावा, हे मात्र जो तो ठेचा खात शिकतो. पुढचे प्रश्न पुन्हापुन्हा येणारे आहेत. एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. मी प्रोजेक्टचा मेंटेनर (तो सांभाळणारा) नाही. दुसऱ्याच्या पीआरवर रिव्ह्यू दिला तर तो आगाऊपणा ठरेल का?

नाही. बहुतेक प्रोजेक्टांत कोड लिहिणारे पुष्कळ आणि वाचणारे मोजके असतात, त्यामुळे वाचणारा हवाच असतो. फक्त आपण कोण म्हणून बोलतोय ते पहिल्याच वाक्यात सांगा: "मी मेंटेनर नाही, पण हे फीचर रोज वापरतो." नवख्याला प्रोजेक्टमधलं कोण कोण आहे ते ठाऊक नसतं. तुमचं मत तो हुकूम समजतो, रात्र जागून कोड बदलतो आणि सकाळी मेंटेनर म्हणतो, आधीचं बरं होतं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मर्जचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळून घेण्याचा, अधिकार नसलेल्याची अप्रूव्हल (मंजुरी) हिरव्याऐवजी करड्या खुणेने दिसते, पण त्या रंगाचा अर्थ कितीतरी जुन्यांनाही माहीत नसतो.

सगळ्यात उपयोगी काम सगळ्यात कमी लोक करतात: ब्रँच (बदललेल्या कोडची प्रत) उतरवून घ्या, चालवून बघा आणि काय काय चालवलं ते लिहा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, यासाठी कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात 'टेस्टेड-बाय' अशी वेगळी ओळच असते. "मोठ्या फाइलवर चालवलं, मेमरी वाढली नाही, पण फाइल रिकामी असेल तर क्रॅश होतं" एवढ्या एका वाक्यावर मेंटेनर खूश होतो.

२. पीआर उघडली. आधी काय बघायचं?

हा बदल प्रोजेक्टला हवा आहे का, ते. नको असेल तर ओळीओळीवर कमेंट करत बसू नका, थेट प्रश्न १० कडे जा. वीस किरकोळ गोष्टी दुरुस्त करून घ्यायच्या आणि मग "मुळात हे नकोच होतं" म्हणायचं, याहून वाईट वागणूक रिव्ह्यूत मला माहीत नाही.

हवा असेल तर रचना, मग कोड बरोबर चालतो का, मग टेस्ट, आणि सगळ्यात शेवटी नावं वगैरे. सुरुवातीला डोळ्यांना नावंच दिसतात, त्यामुळे बहुतेकांचा क्रम नेमका उलटा होतो. पीआर अवाढव्य असेल तर तुकडे करायला सांगण्यात काही गैर नाही. एका वेळी २०० ते ४०० ओळींच्या पलीकडे वाचणाऱ्याची नजर पातळ होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पण तुकडे कुठे पाडायचे तेही सांगा. नुसतं "फार मोठी आहे" म्हटलं तर समोरचा काय करणार?

३. कोणती कमेंट पाळलीच पाहिजे आणि कोणती सोडून दिली तरी चालेल, हे समोरच्याला कसं कळणार?

तुम्ही सांगितलंत तरच. मला विचाराल तर या एका गोष्टीत अर्धाअधिक शिष्टाचार आला. कितीही गोड शब्दांत लिहिलेली कमेंट समोरच्याला अंदाज बांधायला लावत असेल तर ती त्याचा वेळ खाते, आणि ओपन सोर्समध्ये तो वेळ बहुधा त्याच्या झोपेतून आलेला असतो.

हे वाक्य बघा: "इथे मॅप वापरता आला असता." याचं काय करायचं? बदलायचं? बदललं नाही तर पीआर अडेल का? की रिव्ह्यू करणारा सहज बोलून गेला? हेच असं लिहा: "निट: इथे मॅप वापरला तर तीन ओळी वाचतील. मर्ज यावर अडलेलं नाही, तुम्हाला पटलं तर करा." किंवा, खरंच अडत असेल तर: "आवश्यक: यादीत दहा हजार नोंदी असल्या की हा लूपमधला लूप अडकतो. मॅप वापरावा लागेल."

'निट' म्हणजे इंग्रजीत शब्दशः लीख, आणि आपल्याकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे खुसपट. खुसपट काढायला हरकत नाही, पण त्यावर खुसपट असं लिहून काढा. कमेंटच्या सुरुवातीला अशा खुणा लावायची 'कन्व्हेन्शनल कमेंट्स' नावाची एक ठरीव पद्धतही आहे. प्रोजेक्टमध्ये ती वापरात नसेल तर साधे "आवश्यक", "ऐच्छिक", "फक्त विचारतोय" हे शब्दही पुरतात.

नुसती निट उरली असतील तर अप्रूव्ह करून मोकळे व्हा. गूगलने २०१९ साली आपली रिव्ह्यूची पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. तिचं मुख्य सूत्र हेच आहे: बदल निर्दोष नसला तरी कोडची एकूण तब्येत सुधारत असेल तर तो अडवून ठेवू नये.

४. चूक दाखवायची आहे, पण माणूस दुखावू नये. वाक्य कसं लिहू?

कर्ता बदला. "तुम्ही कोट्सचा विचार केला नाही" या वाक्याचा कर्ता माणूस आहे. "ही ओळ कोट्समधला स्वल्पविरामही तोडते" इथे कर्ता ओळ आहे, आणि ओळीला राग येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली, फाइल वाचणारं फंक्शन आहे आणि कंट्रिब्यूटरने (पीआर पाठवणाऱ्याने) प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडली आहे. एक रिव्ह्यूअर लिहितो: "सीएसव्ही असं वाचत नाहीत." खरं आहे, पण यातून शिकायला काय मिळालं? दुसरी लिहिते: "एखाद्या रकान्यातला मजकूर कोट्समध्ये असेल आणि त्यातच स्वल्पविराम असेल, तर ती ओळ तीनऐवजी चार रकान्यांत तुटेल. टेस्टच्या फाइलमध्ये अशी एक ओळ घालून बघा. भाषेसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल हे सांभाळून घेतं, आपण युटिलिटीच्या फाइलमध्ये ते आधीच वापरतो." काय बिघडेल, ते स्वतः कसं पाहायचं आणि वाट कुठे आहे, हे तिन्ही त्यात आलं. लिहायला दोन मिनिटं जास्त लागली असतील, पण पुढच्या दोन फेऱ्या वाचल्या.

"साधं आहे", "उघडच आहे", "नुसतं एवढं करा" हे शब्द गाळा. ज्याला ते साधं वाटलं नाही, त्याला ते टोचतात.

५. मग सगळं प्रश्नाच्या रूपात विचारावं का? तसं केलं की सौम्य वाटतं, असं ऐकलंय.

खरोखर माहीत नसेल तेव्हाच विचारा. "इथे नल आला तर काय होईल?" असं, नल (रिकामी किंमत) आला की क्रॅश होतं हे पक्कं ठाऊक असताना विचारणं, म्हणजे शाळेतली तोंडी परीक्षा घेणं. माहीत आहे तर सांगा. आणि खरा प्रश्न असेल तर तो का पडला तेही जोडा. नुसतं "हे असं का केलंय?" वाचणाऱ्याला आरोपच वाटतो. "इथे कॅशे का टाळला ते मला कळलं नाही, जुन्या डेटाची अडचण होती का?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

६. मी इंग्रजीत कमेंट लिहितो तेव्हा ती तुसडी वाटते, असं दोघांनी सांगितलं. मराठीत तर मी असा बोलत नाही!

बोलत नसणारच. मराठीत "हे नाव बदला" म्हटलं की त्या 'बदला'तच आदर येतो, कारण 'बदल' हा पर्याय आपल्याकडे होता आणि आपण तो टाळला. इंग्रजी आज्ञार्थात तू आणि तुम्ही असा भेदच नाही, त्यामुळे आपण मनात 'बदला' म्हणतो आणि समोरच्याला 'बदल' ऐकू जातं. 'जरा', 'बघा ना' हे आपले मऊ शब्दही वाटेतच गळून पडतात.

प्रत्येक वाक्याला 'प्लीज' चिकटवून हे भरून निघत नाही. कारण जोडल्याने निघतं: "हे नाव बदलूया, कारण याच नावाचं फंक्शन पार्सरमध्ये आहे." 'आपण' आणि 'बदलूया' हे इंग्रजीतही आणता येतं.

याची दुसरी बाजूही असते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते कधीकधी "तुम्हाला कदाचित याचा विचार करावासा वाटेल" असं लिहितात आणि त्यांच्या मनात असतं "हे केल्याशिवाय मर्ज नाही". आपण ते शब्दशः ऐच्छिक समजतो. अशा वेळी सरळ विचारून घ्या. आणि आपण लिहिताना प्रश्न ३ मधल्या खुणा वापरा, त्या कोणत्याही भाषेत सारख्याच कळतात.

७. स्पेस, कंस, ओळीची लांबी, नावं यावर बोलायचं की नाही?

स्पेस, कंस आणि ओळीची लांबी हे माणसाचं काम नाही. गोफमट, ब्लॅक, प्रिटियर, रस्टफमट ही कोडची मांडणी आपोआप नीट करणारी हत्यारं त्यासाठीच आहेत. कर्नलची तर चेकपॅच नावाची स्वतःची स्क्रिप्ट आहे. ओळीची लांबी किती असावी यावर वर्षानुवर्षं वाद झाल्यावर २०२० मध्ये त्या स्क्रिप्टने इशारा देण्याची मर्यादा ८० वरून १०० अक्षरांवर नेली. आता वाद घालायचाच तर स्क्रिप्टशी घाला.

मी हे शहाणपण उशिरा शिकलो. एका छोट्या प्रोजेक्टवर कोणाचीतरी पहिलीच पीआर आली होती, जेमतेम साठ ओळींची. मी उत्साहात चाळीसेक कमेंट्स लिहिल्या, बहुतेक मोकळ्या जागांवर. त्या माणसाने "धन्यवाद" एवढंच लिहून पीआर बंद केली. तो जो बग दुरुस्त करत होता तो पुढे मलाच दुरुस्त करावा लागला, आणि माझा कोड त्याच्याइतका सुबक झाला नाही.

नावांचं वेगळं आहे. चुकीचं नाव दिशाभूल करत असेल, म्हणजे 'गेट' म्हणायचं आणि आत डेटा पुसायचा, तर ती आवश्यक कमेंट आहे. नुसती आवड-निवड असेल तर निट. किरकोळ गोष्टींवर वाद घालण्याला 'बाइकशेडिंग' का म्हणतात तेही लोक विचारतात. ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये मांडलेली थट्टा अशी: समिती अणुभट्टीचा खर्च झटक्यात मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर तास घालवते, कारण छप्पर सगळ्यांनाच कळतं. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टमध्ये, ठरावीक वेळ थांबवणाऱ्या 'स्लीप' कमांडला अपूर्णांक सेकंद द्यावेत की नाही यावर असाच गोंधळ माजला. तेव्हा पॉल-हेनिंग कांप यांनी एका ईमेलमध्ये या छपराची आठवण करून दिली आणि शब्द प्रोग्रामरांच्या तोंडी बसला.

८. एकच चूक दहा ठिकाणी आहे. दहा कमेंट्स करू?

एक करा आणि लिहा: "असंच या फाइलमध्ये आणखी काही जागी आहे, तिथेही बघा."

९. समजलं नाही तरी 'एलजीटीएम' ('मला ठीक दिसतंय' याचं इंग्रजी लघुरूप) लिहून अप्रूव्ह करतात. मीही करतो. चालतं का?

जे वाचलं तेवढंच सांगितलं तर चालतं. "टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन पाहिलं, ठीक आहे. एन्क्रिप्शनचा भाग मला कळत नाही, तो दुसऱ्या कोणीतरी बघावा" हा उत्तम रिव्ह्यू आहे. कर्नलमध्ये हा फरक शब्दांतच ठेवलाय: 'ॲक्ड-बाय' म्हणजे माझी हरकत नाही, 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे मी नीट वाचून तपासलंय.

हार्टब्लीड हा गाजलेला सुरक्षा-दोष आठवून बघा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत तो कोड २०११ च्या अगदी अखेरीस आला. समोरून आलेली लांबी खरी आहे का, एवढी एक तपासणी त्यात राहिली होती. रिव्ह्यू झाला होता, तरी ती निसटली. २०१४ च्या एप्रिलमध्ये जगाला कळलं तोवर सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका विनंतीत कोणीही वाचू शकत होतं. दोष रिव्ह्यूअरला द्यायचा नाहीये. हिरवी खूण दिसली की पुढचा माणूस वाचत नाही, म्हणून त्या खुणेमागे किती वाचन आहे ते लिहून ठेवावं.

१०. पीआर चांगली आहे, पण प्रोजेक्टला नको आहे. नाही कसं म्हणू?

लवकर, स्पष्ट आणि कारणासह. "बघू", "सध्या वेळ नाही" अशा टोलवाटोलवीत माणूस महिनोन्‌महिने ब्रँच ताजी ठेवत बसतो. "हे फीचर आम्ही कोअरमध्ये घेणार नाही. ते घेतलं तर तीन डेटाबेससाठी सांभाळावं लागेल आणि तेवढे हात आमच्याकडे नाहीत. प्लगइन म्हणून काढलंत तर आमच्या यादीत त्याची लिंक देऊ." असं म्हटलं तर राग येईल, पण एकदाच.

अपाचे फाउंडेशनच्या प्रोजेक्टांत कोडच्या बदलावर उणे एक मत म्हणजे नकाराधिकार असतो, पण सोबत तांत्रिक कारण नसेल तर तो ग्राह्यच धरला जात नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असा नियम नसला तरी स्वतःला लावून घ्या.

११. मी मेंटेनर आहे आणि महिनाभर पीआर बघायला वेळ नाही. गप्प राहू का?

गप्प राहू नका. "दिसली आहे, या महिन्यात जमणार नाही" हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. पाठवणाऱ्यानेही दमाने घ्यावं. कर्नलच्या मार्गदर्शिकेत आठवण करण्याआधी किमान एक आठवडा थांबायला सांगितलंय.

घाई करणाऱ्यांच्या दबावाखाली मर्ज मात्र करू नका. एक्सझेड युटिल्स या फाइली आकसवणाऱ्या साधनाचा एकटा मेंटेनर फार सावकाश आहे अशी ओरड करणारी खाती २०२२ मध्ये उगवली होती, आणि नंतर 'जिया टॅन' या नावाच्या मदतनीसाला अधिकार मिळाले. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) बसवलं. प्रोग्रामर आन्द्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. वाईट कोडचा भाग टेस्टच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता, आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (बांधून दिलेल्या गठ्ठ्यात) होती. त्यामुळे "ही बायनरी फाइल कशी बनवली?" हा प्रश्न कोणालाही, कितीही जुन्या सहकाऱ्याला, बिनदिक्कत विचारावा.

१२. किरकोळ दुरुस्ती मीच करून मर्ज केली तर?

टायपो असेल तर करा आणि सांगा. त्याहून मोठं असेल तर आधी विचारा. पुष्कळांना शेवटची दुरुस्ती स्वतःच्या हातून व्हावीशी वाटते. पाठवणारा गायब झालाय म्हणून काम पुढे नेत असाल तर त्याचा कमिट तसाच ठेवून वर आपला चढवा, किंवा 'को-ऑथर्ड-बाय'च्या ओळीत त्याचं नाव घाला. दुसऱ्याचा कोड आपल्या नावावर नव्याने लिहून त्याची पीआर बंद करणं ही चोरी वाटते, परवाना काहीही म्हणो.

१३. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट सांगतायत. बिचारा कंट्रिब्यूटर काय करणार?

त्याने काहीच करू नये. हा तिढा रिव्ह्यूअरांनी आपसात सोडवायचा, आणि तिथेच लिहायचं: "आम्ही बोललो, पहिलीच रचना ठेवूया." तुम्ही दुसरे असाल तर लिहिण्याआधी पहिल्याच्या कमेंट्स वाचा. निम्मे तिढे तिथेच सुटतात.

१४. तिसऱ्या फेरीत मला नवीन मोठी चूक दिसली. आता काढली तर वाईट दिसेल ना?

वाईट दिसेल, तरी काढा, आणि "हे पहिल्या फेरीतच दिसायला हवं होतं, माझं चुकलं" असं जोडा. निट असेल तर मात्र गिळून टाका, त्याची वेळ गेली. अपवाद एक: फोर्स-पुश करून, म्हणजे जुने कमिट पुसून नवे चढवून, कोडच बदलला असेल तर ती नवी फेरी आहे. गिटचं 'रेंज-डिफ' वापरलं की मागच्या वेळेपासून नेमकं काय बदललं ते दिसतं.

१५. सुरक्षेचा दोष दिसला तर पीआरवरच लिहू?

दोष या पीआरनेच आणला असेल आणि ती अजून मर्ज झाली नसेल तर खुशाल लिहा, कोणाकडेही तो कोड अजून चालत नाहीये. पण पीआर वाचता वाचता आधीपासून असलेल्या कोडमध्ये भोक दिसलं तर तिथे एक अक्षरही लिहू नका. सिक्युरिटीच्या फाइलमध्ये दिलेल्या खासगी वाटेने कळवा. पीआरवर "थोडं थांबूया" एवढंच पुरे. लोक विचारतील, विचारू दे.

१६. कोड एआयने लिहिलेला वाटतोय. तसं म्हणू का?

आधी प्रोजेक्टचा नियम बघा. जेन्टू या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२४ च्या एप्रिलमध्ये असे योगदान बंद केले, पाठोपाठ नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही. बऱ्याच ठिकाणी सांगून वापरलं तर चालतं. नियम काहीही असो, संशयावरून आरोप करू नका. परकी भाषा जपून लिहिणाऱ्या माणसाचं लिखाणही तसंच गुळगुळीत दिसू शकतं. कोडबद्दल विचारा: "इथे लॉक दोनदा का घेतलाय?" ज्याने समजून लिहिलंय तो सांगेल. उत्तर म्हणून पुन्हा तीन परिच्छेद आले आणि लॉक तसाच राहिला, तर नम्रपणे बंद करा.

२०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे पीआर पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, त्या टी-शर्टसाठी रीडमी (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या) फाइलींत एखादा शब्द बदलणाऱ्या पीआरांचा पूर आला होता. तसला प्रकार असेल तर समजावत बसू नका, खूण लावून बंद करा.

१७. रिव्ह्यूअरच उद्धट बोलतोय. ओपन सोर्समध्ये हे चालायचंच, असं म्हणतात.

चालायचंच असं म्हणणाऱ्यांचा दाखला म्हणजे कर्नल. तिथेच सप्टेंबर २०१८ मध्ये कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे रजा घेतली. त्याच सुमारास कर्नलने 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट' या तयार नमुन्यावर बेतलेली आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर पॅच (पाठवलेले बदल) नाकारणं थांबलं नाही.

तुम्ही बघे असाल तर भांडणात तेल ओतू नका. तांत्रिक मुद्दा सभ्य शब्दांत पुन्हा मांडा: "मुद्दा हा आहे की लॉक लवकर सुटतो." पुष्कळदा तेवढ्याने धागा रुळावर येतो. पुन्हापुन्हा होत असेल तर आचारसंहितेत दिलेल्या पत्त्यावर कळवा.

१८. मी अप्रूव्ह केलेली पीआर मर्ज झाली आणि बिल्ड मोडला. रिव्हर्ट करताना (बदल मागे घेताना) काय सांगायचं?

रिव्हर्ट करायला संकोच नको, पण गिट आपोआप जो संदेश देतं त्यात कोणता कमिट मागे घेतला एवढंच असतं. का घेतला ते तुम्ही लिहायचं: कोणती टेस्ट पडली, कोणत्या प्लॅटफॉर्मवर. मूळ लेखकाला त्यात टॅग करा, म्हणजे आपला कोड नाहीसा झाल्याचं त्याला तिसऱ्याकडून कळायला नको. "अप्रूव्हल मी दिली होती, ३२ बिटवर चालवून पाहिलं नव्हतं" हेही लिहा. आणि पुन्हा पाठवताना काय लागेल ते त्याच संदेशात द्या. कोणत्या मशीनवर काय चालवून बघायचं ते कमांडसकट दिलंत तर तो त्याच संध्याकाळी दुरुस्त करून पाठवू शकतो.